वाचकांचे प्रश्न : आजी-आजोबांसह डिस्ने वर्ल्ड, खिसा सांभाळून

भारतातून आई-वडील आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा, म्हणजे तिथल्या डिस्ने वर्ल्डचा, विषय निघतोच. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं त्याबद्दलच होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले आहेत. मोठी मुलगी सहा वर्षांची. धाकटा ऑक्टोबरमध्ये तीन पूर्ण करेल. डिस्ने वर्ल्डला ऑगस्टअखेर जावं की नोव्हेंबरात शाळेला चार दिवस सुट्टी असते तेव्हा? ऑगस्टमध्ये उकाडा फार असतो म्हणतात. सहा दिवसांत चारही पार्क आरामात होतील ना? बजेट बेताचं आहे.

ऑगस्टअखेरच जा. उकाड्याबद्दल ऐकलंत ते खरं आहे, तरीही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीत शिक्षकांचं अधिवेशन असतं म्हणून शाळा बंद असतात आणि निम्मं न्यू जर्सी ऑर्लँडोला लोटतं. त्या आठवड्याला तिथे ‘जर्सी वीक’ असंच नाव पडलंय. विमानाची तिकिटंही त्याच हिशेबाने चढतात. ऑगस्टचं गणित उलटं आहे. फ्लोरिडा आणि दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांच्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, तुमच्या मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेनंतर. मधले दोन आठवडे तुमची मुलं मोकळी आणि तिथली गर्दी ओसरलेली. शिवाय तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि वय मोजतात ते भेटीच्या दिवशी. धाकटा ऑगस्टमध्ये फुकट जाईल, नोव्हेंबरात जवळपास मोठ्यांइतके पैसे पडतील. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मिळणारी सूट अगदी किरकोळ असते. ज्येष्ठ नागरिकांना तर काहीच सूट नसते, त्यामुळे आजी-आजोबांचं पूर्ण तिकीट धरूनच चाला.

उकाडा मुंबईच्या ऑक्टोबरसारखा, ३३-३४ अंश आणि दमट. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान बहुतेक रोज गडगडाट आणि पाऊस. म्हणून दिवस दोन तुकड्यांत करायचा: सकाळी पार्क उघडल्यापासून साडेबारा-एकपर्यंत, मग हॉटेलवर जेवण आणि झोप, अंगात त्राण असलं तर साडेपाचनंतर पुन्हा पार्क. त्याच दिवशी त्याच पार्कात परत यायला वेगळे पैसे पडत नाहीत.

आता चार पार्क. मॅजिक किंगडम (१९७१), एप्कॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). ही चार वेगवेगळी ठिकाणं आहेत, एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजमधली पायवाट वगळता एकातून दुसऱ्यात चालत जाऊ म्हटलं तर जमत नाही. ‘एवढं आलोय तर सगळं बघूनच जाऊ’ या हिशेबाने निघालेलं घर तिसऱ्या दिवशी दुपारी कोलमडतं आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. रडणाऱ्या पोराला बुडबुडे सोडणारा महागडा दांडा, डबा खोलीवर राहिला म्हणून सहा जणांचं बाहेरचं जेवण, बसची वाट बघवत नाही म्हणून टॅक्सी. दमणूक वाचवली की पैसे आपोआप वाचतात, त्यासाठी वेगळी काटकसर फारशी लागत नाही.

तुमच्यासाठी आम्ही हॉलिवूड स्टुडिओज सरळ वगळू. तिथे सौम्य राइड कमी, रांगा लांब आणि सावली अगदी बेताची. उरलेल्या तीन पार्कांसाठी तुम्ही दोघं आणि मुलगी तीन दिवसांची तिकिटं घ्या. आई-बाबांना फक्त दोन दिवसांची, अ‍ॅनिमल किंगडम आणि एप्कॉटसाठी. मॅजिक किंगडमच्या दिवशी त्यांनी हॉटेलच्या तळ्याकाठी बसावं. पाच जणांचे चार दिवस म्हणजे वीस तिकीट-दिवस झाले असते, ते तेरावर येतात. बचत तेवढ्याच प्रमाणात होत नाही, कारण दिवस वाढले की दर दिवसाचा भाव उतरतो. तरी विमानाचं एखादं तिकीट निघेल एवढी होते. २०२५ मध्ये एका दिवसाचं तिकीट पार्क आणि तारखेप्रमाणे सुमारे ११९ ते १९९ डॉलर होतं, वर कर. ऑगस्टअखेरच्या तारखा स्वस्त बाजूला असतात.

तीन दिवसांचं तिकीट ओळीने तीन दिवस वापरावं लागत नाही, पाच दिवसांच्या मुदतीत कधीही चालतं. दोन दिवसांच्या तिकिटाला चार दिवस मिळतात. म्हणून क्रम असा लावा: पहिल्या दिवशी पोचायचं आणि काही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम, फक्त तुम्ही चौघं. तिसरा दिवस सुट्टी. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी अ‍ॅनिमल किंगडम. पाचव्या दिवशी मुलं पोहण्यात, आणि सहाव्या दिवशी दुपारनंतर एप्कॉट. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पाच दिवस बरोबर बसतात. परतीचं विमान सातव्या दिवशी सकाळचं घ्या. एकाच दिवशी दोन पार्क करायला देणारी ‘पार्क हॉपर’ची जोड तुम्हाला नको, तो पैसा वाया जाईल.

आजोबांना शेतीची, बागेची आवड असेल तर एप्कॉटमधली ‘लिव्हिंग विथ द लँड’ ही होडी चुकवू नका. पाऊण तास रांग लावून एखादी राइड करण्यापेक्षा या पंधरा मिनिटांत जास्त आहे: पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, टांगलेल्या वेलींचे भोपळे, आणि सगळं छताखाली. अ‍ॅनिमल किंगडममध्ये ‘महाराजा जंगल ट्रेक’ नावाची पायवाट आहे, पडक्या राजवाड्याच्या भिंतींतून वाघ दिसतात. आजूबाजूच्या कल्पित गावाचं नाव आनंदपूर. तिथल्या पाट्या, सायकली आणि पुसट झालेल्या जाहिराती वाचण्यात आपली मंडळी राइडपेक्षा जास्त रमतात. सफारी मात्र सकाळीच करा, उन्हं तापली की जनावरं सावलीत जातात. ट्रक चांगलाच आदळतो. कंबरेचा किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी मागची रांग नको म्हणून आधीच सांगावं.

चक्रीवादळाचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत आहे आणि ऑगस्टअखेर तो ऐन भरात असतो. म्हणून हॉटेल आणि विमान, दोन्ही फिरवता किंवा रद्द करता येईल असंच घ्या.

प्रश्न : डिस्नेच्या हॉटेलात राहावं की बाहेर? बाहेर खूप स्वस्त दिसतं.

दिसतं. पण बुकिंगच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा. बाहेरच्या बऱ्याच हॉटेलांत रोजचं ‘रिसॉर्ट फी’ असतं, वर हॉटेलचं पार्किंग, वर डिस्नेच्या पार्कचं पार्किंग. हे शेवटचं २०२५ मध्ये दिवसाला ३० डॉलर होतं. डिस्नेच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नाही आणि तिथे राहणाऱ्यांना पार्कचं आणि हॉटेलचं पार्किंगही मोफत. बस फुकट. शिवाय रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. त्या अर्ध्या तासात दोन राइड होतात, ज्यांच्यासाठी अकरा वाजता दीड तास उभं राहावं लागलं असतं.

मॅजिक किंगडमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी तुम्हाला दाराशी सोडत नाही. ती थांबते तळ्याच्या अलीकडे, तिथून बोट किंवा मोनोरेल घ्यायची. पार्किंगपासून दारापर्यंत पाऊण तास धरा. डिस्नेच्या हॉटेलची बस थेट दारापाशी येते. ‘पार्कपासून दहा मिनिटांवर’ अशी जाहिरात करणारं हॉटेल हे सांगत नाही.

स्वस्त गटात ऑल-स्टारची तीन हॉटेलं आणि पॉप सेंच्युरी. थोडे जास्त देता आले तर पॉप सेंच्युरी घ्या, कारण तिथून ‘स्कायलायनर’ हा दोरावरून हवेत जाणारा पाळणा एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जातो. वीज कडाडली किंवा वारा सुटला की तो थांबतो, तेव्हा बस आहेच. तीन वर्षांखालचं मूल वगळता या खोल्यांत चारच माणसं राहू शकतात. सहा जणांना दोन खोल्या किंवा ऑल-स्टार म्युझिकचा फॅमिली सुट, ज्यात मायक्रोवेव्ह आणि छोटी ओटाजागा असते.

स्वयंपाक करायचाच असेल आणि गाडी घेणारच असाल, तर शेजारच्या किसिमी गावातलं भाड्याचं घर सहा-सात जणांना परवडतं. वॉशिंग मशिन मिळतं, चार बाल्दी कपडे धुता येतात, आजीला पोळ्या करता येतात. मात्र साफसफाईचा एकरकमी आकार लागतो, तो तीन रात्रींवर जड जातो, सातवर हलका. आमचं मत: चार जण असाल तर डिस्नेत, सहा किंवा जास्त असाल तर घर. पाच जणांचं कुटुंब दोन्हीकडे अडचणीत येतं, त्यांनी दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत. आणि कुठल्याही हॉटेलच्या खोलीत इंडक्शन काढून फोडणी टाकू नका. धुराचा अलार्म वाजला की रात्री सगळी इमारत खाली उभी राहते.

प्रश्न : सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, श्रावणी सोमवार धरतात. पार्कात घरचं खाणं नेऊ देतात का?

देतात, आणि काटकसरीचा सगळ्यात मोठा मार्ग हाच आहे. काचेची बरणी चालत नाही, दारू चालत नाही आणि सुटा बर्फ किंवा ड्राय आइस चालत नाही. थंड ठेवायला पुन्हा गोठवता येणाऱ्या जेलच्या पिशव्या घ्या. दारावर सामान उघडून बघतात, त्यामुळे डबे एकाच पिशवीत वर ठेवा.

काय न्यावं? दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भडंग. सोमवारसाठी राजगिऱ्याची वडी, दाण्याचा लाडू, खजूर, केळी. दशमी दुधात भिजवलेली असली तरी त्याच दिवशी संपवा. दहीभात आणि साबुदाण्याची खिचडी टाळा: ऑगस्टच्या त्या उन्हात थंडाव्याबाहेर राहिलेलं ओलं अन्न तासाभरात धोक्याच्या बाजूला जातं. खिचडी नेण्यामागचा मोह आम्हाला कळतो, पण पार्कात पोट बिघडलं तर अख्खा दिवस जातो.

विमानात हातातल्या सामानात चटणी ओली असेल, लोणचं असेल, तूप किंवा दही असेल तर ते ‘द्रव’ धरतात, १०० मिलिलिटरच्या वर जाऊ देत नाहीत. ही मंडळी चेक-इन पेटीत.

पाणी विकत घेऊ नका. सोड्याचं यंत्र असलेल्या कुठल्याही झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी पेल्यात फुकट मिळतं. मागितलं की देतात. फ्लोरिडाच्या नळाच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास असतो, मुलं तोंड वाकडं करतात. लिंबू-साखरेची पूड किंवा कोकम सरबताची पूड बाटलीत टाका, प्रश्न मिटतो, आणि पुडीत मीठ असलं तर घामावाटे गेलेलं मीठही थोडं भरून निघतं.

पार्कात विकत घेताना मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह बघा, तो पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थ. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं असेल तर अंडं धरून चाला. सूपचा रस्सा कशाचा आहे, घोटलेल्या राजम्यात चरबी आहे का आणि तळण वेगळ्या कढईत आहे का, हे विचारा. मार्शमेलो घातलेली गोड वडी मुलांना सगळीकडे दिसेल. मार्शमेलोत जिलेटिन असतं. बिनकांद्या-लसणीचं तयार मिळणं अवघड आहे, सासूबाईंचा डबा घरूनच.

एक जेवण मात्र चैनीचं करा: सुट्टीच्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या ‘सनाआ’ रेस्टॉरंटला. नान आणि नऊ तऱ्हेच्या चटण्यांचं ताट मागवायचं. खिडकीतून जिराफ, झेब्रे दिसतात. पार्कचं तिकीट लागत नाही. आधी आरक्षण करा, साठ दिवस आधी सुरू होतं.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात, म्हणून मुलगी व्हीलचेअर घेऊ म्हणते. नाशकात मी रोज फिरायला जातो, तिथे खुर्चीत बसायची लाज वाटते. शिवाय खुर्ची असली की रांग लागत नाही, असं ऐकलं. खरं का?

रांग लागते. डिस्ने वर्ल्डमध्ये बहुतेक राइडची रांग खुर्ची जाईल अशीच बांधलेली आहे, त्यामुळे तुम्ही सगळ्यांबरोबरच पुढे सरकता. अपंगांसाठी जी वेगळी सोय आहे, तिचे नियम २०२४ मध्ये बदलले. ती आता मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचण असलेल्यांना मिळते. गुडघे किंवा वय या कारणाने मागायला जाऊन अर्धा तास घालवू नका.

खुर्ची घ्या मात्र नक्की. नाशकात तुम्ही रोज फिरता ते तासभर, सपाटीवर, सकाळच्या गारव्यात. इथे दहा-बारा किलोमीटर होतात आणि त्यात उभं राहणं वेगळं. चालणाऱ्यापेक्षा उभं राहणाऱ्याचा गुडघा आधी सुजतो. हाताने ढकलायची खुर्ची पार्कच्या दाराशी भाड्याने मिळते, आधी येईल त्याला, आरक्षण नाही. ती पार्कातून बाहेर नेता येत नाही. चार दिवस लागणार असेल तर शहरातले दुकानदार हॉटेलवर आणून देतात, ते दिवसाच्या हिशेबाने स्वस्त पडतं. आणि दिवसभर बसायलाच हवं असं नाही. सकाळी तुम्ही ती ढकलत चालायचं, पिशव्या तिच्यावर, दमलात की बसायचं.

बसायची ठिकाणं पाठ करा. मॅजिक किंगडममध्ये ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’: गार, अंधारं, वीस मिनिटं, खुर्चीतून उठावंही लागत नाही. ‘पीपलमूव्हर’ आवडेल, पण त्याला सरकत्या पट्ट्यावर चढावं-उतरावं लागतं. पीटर पॅनच्या राइडचंही तसंच. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ला खुर्चीची होडी मिळते, विचारा. जुन्या पुस्तकांत नदीवरची वाफेची बोट आवर्जून सुचवलेली असते. ती जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली.

मधुमेहाचं इन्सुलिन असेल तर पिशवीत उकडू देऊ नका. चारही पार्कांत प्रथमोपचार केंद्र आहे, ते औषध फ्रिजमध्ये ठेवून घेतात. पैसे पडत नाहीत.

प्रश्न : रांग टाळायचा ‘लाइटनिंग लेन’ पास सगळ्यांना घ्यावा का? धाकट्यामुळे आम्हा दोघांपैकी एकाला प्रत्येक राइड सोडावी लागेल असं वाटतंय.

सगळ्यांना, सगळे दिवस नको. पास माणशी असतो, भाव तारखेप्रमाणे बदलतो. मॅजिक किंगडमच्या एका दिवशी, आणि ज्यांना खरंच पळापळीच्या राइड करायच्या आहेत तेवढ्यांनाच घ्या. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सकाळी दारं उघडताना पोचलात तर पैसे द्यायची गरज नाही. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर सात दिवस आधी, नाहीतर तीन दिवस आधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेने सकाळी सातला तीन राइड निवडता येतात. सगळ्यात पहिल्या वेळा धरा. एक वापरली की पुढची घेता येते. वादळात राइड बंद पडली आणि तुमची वेळ त्यातच गेली, तर पास दुसऱ्या राइडला चालतो, घाबरून मदतखिडकीला रांग लावू नका.

राइड सोडावी लागणार नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच’ सांगा. एक जण रांगेतून जातो, दुसरा धाकट्याबरोबर थांबतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. गंमत अशी की मोठ्या मुलीला बहुधा दोन्ही वेळा बसता येतं.

तिची उंची घरीच मोजा, रोज घालते ते बूट घालून. काही राइडना लागणारी किमान उंची अशी: बार्नस्टॉर्मर ३५ इंच, सेव्हन ड्वार्फ्स ३८, सोअरिन ४०, स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ४४. अर्धा इंच कमी पडला तरी सोडत नाहीत, आणि हे पट्टीसमोर कळलं तर पुढचा तास रडारड. ज्या राइड जमणार नाहीत, त्यांची नावं तिच्यासमोर काढूच नका.

प्रश्न : एका गटात कुणीतरी चार दिवसांच्या तिकिटांतले उरलेले दोन-दोन दिवस निम्म्या भावात विकतंय. घ्यावीत का?

नाही. तिकीट पहिल्यांदा वापरलं की त्या माणसाशी जोडलं जातं, दारावर बोटाचा ठसा लागतो, आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. पैसे देऊन तुम्ही दाराबाहेर राहाल. डिस्नेने अधिकृत केलेले विक्रेते थोड्या कमी भावात पूर्ण तिकिटं देतात, ती चालतात. नोकरी अमेरिकेत असेल तर कंपनीच्या कर्मचारी-सवलतींच्या संकेतस्थळावरही बघा. तिथे ही तिकिटं बऱ्याचदा असतात आणि कुणी उघडूनही पाहत नाही.

प्रश्न : पावसासाठी छत्री न्यावी का?

छत्री नको, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि बाबागाडी ढकलताना धरता येत नाही. घराजवळच्या डॉलर दुकानातून माणशी दोन प्लास्टिकचे रेनकोट घ्या, पार्कात तेच कित्येक पटींनी महाग. बाबागाडीवर टाकायला एक जुनं मोठं प्लास्टिक. आणि प्रत्येकाचे जादा मोजे झिपच्या पिशवीत: ओल्या मोज्यांवर दोन तास चाललं की टाचेला फोड येतो. पाऊस थांबल्यावर लगेच पार्क सोडून निघू नका, बरेच लोक पावसात परत गेलेले असतात आणि पुढचा तासभर रांगा छोट्या असतात.